‘ती वर्षभर ते बदक तोंडात घालत होती’

अडीच वर्षांच्या मुलीची आई माझ्याकडे आली ती झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मूळ कारण बऱ्याच वेळाने पुढे आले. मुलीच्या आंघोळीच्या वेळी रबरी बदक दाबताना पाण्याबरोबर काळे कण बाहेर पडले, म्हणून तिने ते बदक कात्रीने मधोमध कापले. आतली भिंत काळपट होती आणि शेपटीच्या कोपऱ्यात बोटाला लागेल असा बुळबुळीत थर साचला होता. त्याचा फोटो तिने मोबाइलमध्ये ठेवला होता आणि तो ती दिवसातून कितीतरी वेळा उघडून पाहत असे. ‘मॅडम, ती वर्षभर हे बदक तोंडात घालत होती, त्यातले पाणी चोखत होती, आणि मी शेजारी बसून कौतुकाने बघत होते,’ हे सांगताना तिला रडू आवरत नव्हते.

त्या दिवसापासून घरातला दिनक्रमच पालटला होता. सगळी खेळणी रोज उकळायची, मग व्हिनेगरमध्ये बुडवायची, समाधान झाले नाही तर त्याच बादलीत ब्लीच घालायचे, आणि रात्री उठून पुन्हा एकदा वास घेऊन पाहायचे. मुलीची आंघोळ आता दोन मिनिटांत उरकली जात होती. मला सर्वांत बोलके वाटले ते आईने सहज सांगितलेले एक वाक्य: मुलगी आता कोणतेही खेळणे उचलण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघून ‘घाण?’ असे विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुढे करत नाही.

अशा वेळी ‘काही होत नाही, उगाच घाबरू नका’ असे सांगण्याचा मोह आजूबाजूच्या सगळ्यांना होतो. तिच्या घरच्यांनीही तेच सांगितले होते आणि त्यामुळे ती अधिकच एकटी पडली होती, कारण तिने जे पाहिले होते ते खरेच होते. म्हणून आम्ही सुरुवात वस्तुस्थितीपासून केली. 2018 साली स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी मुलांनी वापरलेली आंघोळीची खेळणी कापून तपासली, तेव्हा आतल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 50 लाख ते साडेसात कोटी जिवाणूपेशी आढळल्या. वापरातल्या खेळण्यांपैकी सुमारे 60 टक्के खेळण्यांत बुरशीही होती. याचे कारण आईच्या हलगर्जीपणात नसून खेळण्याच्या घडणीत आहे. तळाच्या बारीक छिद्रातून आत गेलेले पाणी पूर्ण निघत नाही, मऊ प्लॅस्टिकमधून झिरपणारी कार्बनयुक्त द्रव्ये जिवाणूंना खाद्य पुरवतात, आणि अंगावरचा घाम, मूत्राचा अंश व साबण यांतून त्यांना उरलेले पोषण मिळते. नळाचे पाणी स्वच्छ असले तरी हा थर धरतोच.

‘मग तिला काही झाले असेल का?’ हा तिचा खरा प्रश्न होता. त्याच संशोधकांनी म्हटले आहे की जिवाणूंशी असा संपर्क प्रतिकारशक्तीला पोषक ठरू शकतो, निरुपद्रवी असू शकतो, किंवा क्वचित डोळे, कान अथवा पोटाच्या संसर्गाला कारण होऊ शकतो. तिच्या मुलीला या वर्षभरात यांपैकी कोणताही त्रास झालेला नव्हता आणि बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासून निरोगी ठरवले होते. झालेल्या गोष्टीचा एवढाच हिशेब मांडता येत होता, आणि तो मांडल्यावर तिचे खांदे थोडे सैल झाले.

त्यानंतर मी तिला विचारले, ‘खेळणी स्वच्छ झाली हे तुम्हाला कशावरून कळते?’ ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘कळतच नाही. आत काय आहे ते दिसत नाही ना!’ सारी गाठ इथेच होती. ज्या वस्तूचे आतले अंग दिसत नाही, तिची सफाई कितीही केली तरी ती पुरी झाल्याची खात्री मनाला पटत नाही, आणि चिंतेने ग्रासलेले मन अशा अपुरेपणाला चिकटून बसते. म्हणून पहिला निर्णय आम्ही असा घेतला की छिद्र असलेली, पिळून पाणी उडवणारी खेळणी धुवत न बसता टाकून द्यायची. उकळल्याने किंवा व्हिनेगरने आतला थर काहीसा सैल होतो, पण चिवट थराच्या आत दडलेले सगळे जिवाणू मरतातच असे नाही. काही पालक नव्या खेळण्याचे छिद्र गोंदाने बुजवतात. मला ते पसंत नाही, कारण गोंदाचा सुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. त्याऐवजी कप, चाळणी, होड्या किंवा दोन भागांत उघडणारी खेळणी घ्यावीत, ज्यांची प्रत्येक बाजू डोळ्यांना दिसते.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो श्वसनमार्गाला घातक असतो, हे मी तिला फार गांभीर्याने सांगितले. खेळणी धुताना तिला येणारा खोकला त्यामुळेच असण्याची शक्यता होती, आणि मुलीला बुरशीपासून वाचवण्याच्या धडपडीत तिच्याच आसपास विषारी वाफा पसरत होत्या. नेहमीच्या सफाईला यांपैकी कशाचीच गरज नसते. प्रत्येक आंघोळीनंतर खेळणी झटकून जाळीच्या पिशवीत मोकळ्या हवेत टांगावीत, ती टबात किंवा झाकणाच्या डब्यात पडू देऊ नयेत, आणि आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाने व ब्रशने घासून, खळखळून धुऊन पूर्ण वाळवावीत. वाळवणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण ओलावा टिकला नाही तर थर धरत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र मी हात सैल सोडत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांच्या बाबतीत पाणी धरून ठेवणारी खेळणी मुळीच वापरू नयेत; बालकर्करोग विभागात अशा खेळण्यांशी जोडला गेलेला औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूचा उद्रेक 1998 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला आहे. अशा मुलांच्या पालकांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द प्रमाण मानावा.

उरलेले काम मनाचे होते आणि त्याला अधिक वेळ लागला. आठवड्याचा एक ठरलेला दिवस सोडून खेळण्यांची तपासणी करायची नाही, वास घेण्याची ऊर्मी आली तर ती ओसरेपर्यंत थांबायचे, आणि फोटो पुन्हा पुन्हा पाहायचा नाही, असे आम्ही ठरवले. सुरुवातीला ती ऊर्मी तिला असह्य वाटे. पुढे ती स्वतःहून विरते असा अनुभव तिला येत गेला. मुलीच्या ‘घाण?’ला उत्तर देण्याऐवजी दोघींनी मिळून खेळणी धुवायची आणि पिशवीत टांगायची, म्हणजे स्वच्छता हे मुलीसाठी भीतीचे कारण न राहता तिचे स्वतःचे काम होते. ठरलेल्या दिवशी मुलगी आपणच चाळणी घासायला घेते, असे आईने पुढच्या एका भेटीत सांगितले, आणि त्यानंतर आमचे बोलणे खेळण्यांऐवजी तिच्या झोपेकडे वळू शकले.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचे एवढ्या माहितीनेच समाधान होते. परंतु धुणे, तपासणे आणि खात्री करून घेणे यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, नको असलेले विचार हटवूनही हटत नसतील, किंवा बाळंतपणानंतर ही धास्ती एकाएकी वाढली असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा मनाचा आजार) असण्याची शक्यता ध्यानात घेऊन मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत, आणि ते घेताना मुलापासून दूर राहावे लागत नाही.