'करणी' म्हणजे नेमकं काय? भानामती, मूठ, चेटूक हे सगळं एकच का?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या कथेत एका पात्राच्या तोंडी 'करणी' घालायचंय, पण कोशात 'कृती' एवढाच अर्थ सापडला. कोश खोटा नाही. 'करणे'पासूनच हा शब्द आला. 'जशी करणी तशी भरणी', 'देवाची करणी आणि नारळात पाणी' यांत जादूटोण्याचा वासही नाही. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' या म्हणीतही नाही (मानभाव म्हणजे महानुभाव पंथाचे लोक; बिचाऱ्यांवर तेवढा अन्याय!). जुन्या लग्नांच्या बोलण्यांत तर 'हुंडा-करणी' असायची. तिथे करणी म्हणजे वरपक्षाला द्यायचा मानपान, आहेर.

अर्थ बदलतो तो 'वर' लागला की. 'सुनेवर करणी केलीय.' कुणी केली, ते बहुधा सांगत नाहीत. 'कुणीतरी' म्हणतात आणि ऐकणारा मनातल्या मनात नाव घालतो. माझ्या मते या शब्दाचं सगळं विष त्या 'कुणीतरी'त आहे. दृष्ट कौतुक करणाऱ्याचीही लागते, अगदी आईचीही. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या की विषय संपतो, वैर धरावं लागत नाही. करणीला मात्र गुन्हेगार लागतो. मग बोट जातं भावकीतल्या कुणाकडे, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडे, नाहीतर एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे.

बाकीचे शब्द थोडक्यात. मूठ 'मारतात': मंत्रलेले उडीद वगैरे, लांबून, जिवावर उठून. भानामती 'होते': घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मराठवाड्यात हा शब्द जास्त ऐकाल. चेटूक थट्टेतही चालतं. नवरा बायकोचं ऐकायला लागला की 'चेटूक केलंय हिनं' म्हणणाऱ्या सासवा कमी नाहीत. 'करणी' मात्र मी कुणाला हसत हसत म्हणताना ऐकलेली नाही.

कथा २०१३ नंतरची असेल तर आणखी एक. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. म्हणजे तुमच्या पात्रानं चावडीवर कुणाचं नाव घेतलं, तर कथेत पोलीस येऊ शकतात.

आणि संवाद लिहिताना हा शब्द जपून वापरा. आजारी माणसाच्या उशाशी बसून 'करणी' सहसा कुणी उच्चारत नाही. 'बाहेरचं दिसतंय', 'काहीतरी केलंय' असंच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. पूर्ण शब्द भांडणासाठी ठेवा.