दुकानातली मी, घरातली मी

प्रश्न : काकू, मी खडेबाजारात साडीच्या दुकानात काउंटरला असतो. कन्नड गिऱ्हाईक आलं की 'बर्री अक्का, कुंदर्री', पुण्याकडची बाई आली की 'या ना, दाखवते हं', आणि घरी आम्हा बेळगावच्या बायकांचं 'येतो मी, जेवतो मी'. नणंद म्हणते, 'वहिनी, तू लई नाटकी.' रात्री दमून पडलो की मलाच वाटतं, यातली खरी मी कुठली?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नणंदबाईंना आधी विचार, बघायला पाहुणे आले होते तेव्हा त्या कशा बोलत होत्या! चहाचा ट्रे घेऊन येणारी मुलगी रोजच्यासारखी चालत नाही; तिला कोणी खोटारडी म्हणतं का?

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1956 साली हेच मांडलं, की चारचौघांत आपण सगळेच रंगमंचावर असतो आणि प्रत्येकाला मागची बाजूही लागते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलाचं त्याने वर्णन केलंय. पुढे पाहुण्यांसमोर सगळं टापटीप, आत स्वयंपाकघरात वाफाळत्या किटलीवर ओले मोजे वाळत घातलेले! मला ते मोजे फार आवडतात. पण मोजे वाळवणारी माणसं तेवढी खरी आणि बाहेर अदबीने वाढणारी खोटी, असं थोडंच आहे?

भाषा बदलणं तर आपल्या भागात रोजचंच. निपाणीपासून खानापूरपर्यंत भाजीवालीसुद्धा माणूस बघून बोलते. अक्काला तिच्या भाषेत बसा म्हणालीस, त्यात तिचा मान आहे. फसवणूक कुठे सुरू होते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक : आर्ट सिल्कच्या, म्हणजे नकली रेशमाच्या, इरकलीला 'प्युअर सिल्क' म्हणालीस की. तेवढं सांभाळ, बाकी खुशाल गोड बोल.

दमणूक मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिलं. तिथे हसतमुख राहण्याचाच पगार मिळतो. मनात नसताना दिवसभर हसू आणणं हेही अंगमेहनतीइतकंच थकवतं. आम्हा हौशी नाटकवाल्यांना निदान विंगेत भिंतीला टेकायला दोन मिनिटं मिळायची. तू दुकानातून निघतेस ती थेट चुलीपुढे, म्हणजे पुढच्या प्रवेशातच. घरी पोचलीस की पाव तास गच्चीवर बस, कोणी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. काकूंनी सांगितलंय म्हण, आणि तेवढ्यात चहा नणंदेला टाकायला लाव.