लख्ख उन्हातही डोंगर का दिसेनासा होतो?

प्रश्न : पावसाळा सरताना सिंहगडावरून राजगड रेखीव दिसतो, पण जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ निरभ्र आणि ऊन लख्ख असूनही तोच गड धुरक्यात पुसट होत जातो. भरपूर उजेड असताना असे का व्हावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो भरपूर उजेडच गड दिसू न देण्यास बराचसा कारणीभूत असतो. पावसाने धुऊन निघालेल्या हवेत हिवाळ्यात धूळ, धूर आणि धुरातील वायूंपासून तयार झालेले सल्फेट व नायट्रेटचे कण पुन्हा साचतात. त्यांतील साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे कण प्रकाशाचे विकिरण सर्वांत प्रभावीपणे करतात. गडाकडून येणारा प्रकाश ते वाटेत विखुरतात, हे तर खरेच. पण त्याच वेळी मधल्या पंधराएक किलोमीटर हवेवर पडलेले ऊनही ते आपल्या डोळ्यांकडे वळवतात. या वरकड उजेडाने गडाची काळसर कडा उजळत जाते आणि मागच्या आकाशात मिसळते. जवळची सोंड हिरवी, तिच्यापलीकडची निळसर आणि त्याहून दूरची करडी दिसते, ती यामुळेच.

दिसणे हे अशा रीतीने प्रकाशापेक्षा उठावावर, म्हणजे वस्तू आणि तिच्यामागचे आकाश यांच्या उजळपणातील फरकावर अवलंबून असते. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कॉशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, क्षितिजावरच्या काळ्या वस्तूचा उठाव २ टक्क्यांवर उतरला की तेथे दृश्यमानतेची मर्यादा येते. ते अंतर किलोमीटरमध्ये काढण्यासाठी ३.९ या संख्येला दर किलोमीटरमागे होणाऱ्या प्रकाशक्षयाच्या गुणांकाने भागतात. म्हणून विकिरण दुप्पट झाले की दृश्यमानता निम्म्यावर येते. अगदी निर्मळ हवेतही रेणूंच्या विकिरणामुळे ही मर्यादा ३०० किलोमीटरच्या आत राहते. उठाव मात्र शेवटच्या टप्प्यावर एकदम नाहीसा होत नाही. निम्म्या अंतरावरच तो १४ टक्क्यांपर्यंत घसरलेला असतो.

केवळ प्रदूषणाचा आकडा पाहून याचा अंदाज बांधणे मला अपुरे वाटते, कारण आर्द्रता फार फरक पाडते. पहाटे सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे गेली की तेच कण पाणी शोषून फुगतात आणि कितीतरी अधिक प्रकाश विखुरतात. उन्हाची दिशाही महत्त्वाची, कारण हे कण बहुतांश प्रकाश पुढच्या, म्हणजे तो ज्या दिशेने चालला असेल त्याच दिशेने फेकतात. राजगड सिंहगडाच्या नैर्ऋत्येकडे असल्याने हिवाळ्यातील दुपार कलल्यावर सूर्य त्याच बाजूला येतो, आणि हवा तितकीच धुरकट असूनही गड सकाळपेक्षा अधिक पुसट दिसतो.