‘गोड गोळ्याच तं आहेत, मॅडम’

मे महिन्यातली दुपार होती. रेखाताई (नाव बदललं आहे) नागपुरातल्या मानेवाड्याहून ऑटोनं माझ्याकडे आल्या, नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. एवढं मोठं पोर कडेवर दिसलं की गुडघा सुजलाय का, हे विचारावं लागत नाही. त्याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारा आठवा फॅक्टर (एक प्रथिन) त्याच्या रक्तात नेहमीच्या प्रमाणाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सांध्यात आतल्या आत रक्तस्राव होतो; त्यालाच घरोघरी ‘ब्लीड’ म्हणतात. आठवड्यातून दोनदा तो फॅक्टर शिरेतून द्यायचा असं ठरलं होतं. पण गेले सहा आठवडे ते बंद होतं. वस्तीतल्या होमिओपॅथी डॉक्टरांचं औषध सुरू केलं होतं.

‘‘पाच आठवडे एकही ब्लीड नाही झालं. आणि गोड गोळ्याच तं आहेत, मॅडम. त्यानं काय बिघडते?’’

हा प्रश्न मला हिमोफिलियाच्या जवळपास प्रत्येक घरातून येतो. कामाच्या पहिल्या वर्षी याच प्रश्नावर मी एका वडिलांना रागावले होते. त्यांनी गोळ्या थांबवल्या नाहीत, फक्त मला सांगणं थांबवलं. पोराच्या कोपरातलं ब्लीड मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर हात सरळ होईना. ते आजही मला लागून आहे. म्हणून आता मी आधी एवढंच विचारते, की या गोळ्यांकडून तुम्हाला काय हवंय?

रेखाताई बराच वेळ मुलाच्या गुडघ्यावरचा बर्फ सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘शिर सापडत नाही. तीन-तीनदा टोचतात, चौघं धरून ठेवतात. मला पाहवत नाही. अन् सासूबाई म्हणतात, हे तू माहेराहून आणलं. कोणी म्हटलं मुळापासून बरं होते, तं मी कुठंही जाईन.’’

आधी माहेरचं बोललो, कारण मला तेच जास्त जड वाटलं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, बहुतेकदा आईकडून, हे खरं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. बदल नव्यानं झालेला असतो. आणि आईकडून आला तरी तो तिनं निवडून दिलेला नसतो. पुढच्या वेळी सासूबाईंनाच घेऊन या, म्हटलं.

मग गोळ्यांकडे आलो. आठवा फॅक्टर कसा बनवायचा याची सूचनाच त्याच्या शरीरात बिघडलेली आहे. गोळ्यांची ‘३० पोटेन्सी’ म्हणजे मूळ द्रव्य एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. त्यात मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. त्यानं ती सूचना दुरुस्त होणार नाही. मग पाच आठवडे ब्लीड का झालं नाही? मी विचारलं, पोरगा दिवसभर काय करायचा? शाळेला सुट्ट्या, बाहेर ऊन, दिवसभर कूलरसमोर मोबाइल. ना पळणं, ना पडणं. रेखाताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

पर्समधून त्यांनी एका अभ्यासाचा कागद काढला. तो मी वाचलेला होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेला, २८ रुग्णांचा. होमिओपॅथीनं फॅक्टर कमी लागला, असं त्यात म्हटलंय. पण सगळ्यांना आधी वर्षभर औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या आणि नंतरच्या वर्षी होमिओपॅथीचं औषध, असा एकच क्रम होता. मधल्या वर्षात मूल मोठं झालं, घर सावध झालं, याचा हिशेब त्यात वेगळा होत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालूच होते. फॅक्टर सोडा, असं तो अभ्यासही सांगत नाही.

बिघडतं कुठे, ते मुलानंच सांगितलं. ‘‘आधी गुडघ्यात मुंग्या येतात, गरम वाटते. मग आई गोळी देते.’’ फॅक्टर लागतो तो नेमका तेव्हाच, दोन तासांच्या आत. सूज दिसेपर्यंत थांबलं तर रक्त सांध्यात साचतं, आणि तेच पुन्हा पुन्हा झालं की कूर्चा झिजून सांधा आखडतो. बाहेरून सूज चार-सहा दिवसांत ओसरते, म्हणून गोळीनं गुण आला असं वाटतं.

गोळ्यांसोबत एक पांढरी पुडीही होती. त्यात काय आहे, रेखाताईंना ठाऊक नव्हतं. त्याची मला गोळ्यांपेक्षा जास्त धास्ती वाटली. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी दुखण्यावरची औषधं रक्तस्राव वाढवतात. नाव लिहून मिळाल्याशिवाय कोणतीही पुडी नको, स्नायूत इंजेक्शन नको, सुजल्या सांध्याला तेल लावून मालिश तर मुळीच नको.

रेखाताईंना विचारून मी त्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. फॅक्टर बंद करा असं त्यांनी म्हटलंच नव्हतं, घरच्यांनी तसं धरून घेतलं होतं. ‘फॅक्टर चालू ठेवावा, ब्लीड झाल्यास आधी फॅक्टर’ हे त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं आणि पुडी बंद केली. गोळ्या सोडा असा हट्ट मी धरला नाही.

राहिली सुई. त्यावर खरा उपाय आहे. एमिसिझुमॅब नावाचं औषध कातडीखाली देतात, शीर शोधावी लागत नाही. आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा. आपल्या मुलाला ते बसतं का आणि मिळतं का, हे रक्तविकारतज्ज्ञांना विचारायला मी त्यांना चिठ्ठी दिली. त्या दिवशी मात्र फॅक्टर शिरेतूनच गेला, दुसऱ्या टोचणीला.

महिन्याभरानं त्या कॅलेंडर घेऊन आल्या. दुखायला लागल्याची वेळ आणि फॅक्टर दिल्याची वेळ, दोन्ही सासूबाईंच्या अक्षरात. एका खान्यात लिहिलं होतं, ‘सायं. ६.१०, मुंग्या. ७.२५, फॅक्टर.’ सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, मांडीवर धाकट्या नातीला घेऊन.

‘‘अन् हिचं?’’ त्यांनीच विचारलं. ‘‘हिचा दात काढायचा आहे पुढच्या आठवड्यात.’’

आईकडून हा दोष आलेल्या, म्हणजे वाहक मुलींचाही फॅक्टर कमी असू शकतो. दाताची तारीख पुढे ढकलून आधी तिची रक्ततपासणी लिहून घेतली.