मेनू बोलत नाही, मग रिसीव्हर वापरायचा कसा?

प्रश्न : माझी दृष्टी पूर्ण गेली आहे. जुन्या ॲम्प्लिफायरवर बोटं आपोआप योग्य बटणावर जायची. आता घरात नवा रिसीव्हर (रेडिओ आणि टीव्हीचा आवाज स्पीकरवर देणारा ॲम्प्लिफायर) आलाय. त्याचे दोन नॉब गोल गोल फिरतच राहतात, बाकी सगळं टीव्हीवरच्या मेनूत. रेडिओ लावायचा तरी मुलाला हाक मारावी लागते. फोनवर मी टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) वापरते. काही मार्ग आहे का? शिवाय स्पीकरच्या तारांमधली लाल-काळी कशी ओळखू?
– एक वाचक

उत्तर : मार्ग आहे, ताई. मलाही दिसत नाही, त्यामुळे तुमची अडचण मला चांगलीच ठाऊक आहे. जुना नॉब डावीकडे अडेपर्यंत फिरवला की आवाज बंद, हे हातालाच कळायचं. इनपुटचा, म्हणजे रेडिओ की टीव्ही ते निवडायचा, खटका टक् करून जागेवर बसायचा. नवा नॉब यंत्राला फक्त 'पुढे' किंवा 'मागे' एवढंच सांगतो. आपण कुठे पोहोचलो ते डिस्प्लेवरच दिसतं. टीव्हीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू केला तरी उपयोग नाही, कारण रिसीव्हरचा मेनू टीव्हीकडे निव्वळ चित्र म्हणून येतो. टीव्ही बोलायला लागले आणि त्याला जोडलेलं यंत्र मात्र गप्प, हे मला मुळीच मान्य नाही. कंपनीला हे जरूर कळवा.

तोवर मुलाला एकदाच सोबत घेऊन मेनूत बसा. पुष्कळ रिसीव्हरांमध्ये सुरू होतानाचा आवाज ठरवून ठेवता येतो. तो ठरवा. मग दर वेळी सुरुवात त्याच पातळीवरून होते आणि पुढे रिमोटवर किती वेळा दाबलं ते मोजता येतं. कमाल आवाजाची मर्यादाही घाला, म्हणजे नॉबला धक्का लागून एकदम कर्कश आवाज होणार नाही. एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय तारेने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालवायची सोय) चालू केलं की सहसा टीव्ही लावताच रिसीव्हर जागा होऊन टीव्हीच्या इनपुटवर येतो.

रिमोटवर प्रत्येक इनपुटला वेगळं बटण आहे का, ते पाहून घ्या. असेल तर रेडिओ आणि टीव्ही या दोनच बटणांवर फुगीर ठिपके चिकटवा. सगळीकडे चिकटवले तर बोट पुन्हा गोंधळतं.

कंपनीचं ॲप टॉकबॅकवर चालवून बघा. ते नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहिलं, तर पुष्कळदा टॉकबॅकमध्येच त्या बटणाला नाव देता येतं. काही रिसीव्हरांचं नियंत्रण ब्राउझरमध्येही उघडतं, तेही तपासा. पण सगळी मदार ॲपवर ठेवू नका. मे २०२४मध्ये सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने नवं ॲप आणलं, तेव्हा अंध वापरकर्त्यांची नेहमीची कामं अडली आणि कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या. रिमोट हाताशी हवाच.

आता तारा. आधी रिसीव्हर प्लगमधून काढा. जोडतारेच्या एका बाजूवर नख आडवं फिरवा. पुष्कळ तारांवर एकीकडे बारीक उभी रेघ लागते. ती बाजू दोन्ही टोकांना लाल मानायची. रेघ नसेल तर मुलाकडून लाल बाजूच्या दोन्ही टोकांना दोरा बांधून घ्या. जोडून झाल्यावर दोन्ही स्पीकरांच्या मधोमध बसून बातम्या लावा. निवेदकाचा आवाज अगदी समोरून, एकाच जागेवरून आला तर जोडणी बरोबर. तो पोकळ, दोन्हीकडे विखुरलेला वाटला आणि खर्ज हरवला, तर रिसीव्हर पुन्हा बंद करून कुठल्याही एकाच स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा.