विचारलं तर हो म्हण

प्रिय बाळा,

ऑफिसात कुणी 'तुम्ही ख्रिश्चन का?' विचारलं आणि तू हसून विषय बदललास. आता हुतात्म्यांच्या गोष्टी वाचायचा आपल्याला हक्क नाही म्हणतोस. वाच. पण नीट वाच.

रोमन काळातल्या स्मर्ना शहराचा बिशप पॉलिकार्प, त्याच्या हौतात्म्याची हकीकत तिथल्या ख्रिस्ती मंडळीने लिहून ठेवली, तिच्यात क्विंटस आहे. हा आपणहून पुढे आला, आणखी काहींना पुढे काढलं, आणि आखाड्यातली श्वापदं बघताच गळाला. म्हातारा पॉलिकार्प मात्र आधी शहराबाहेर मळ्यात जाऊन राहिला होता. धरायला आले त्यांना त्याने जेवू घातलं, प्रार्थनेपुरता वेळ मागितला, आणि विचारल्यावर ८६ वर्षांची ख्रिस्ताची सेवा सांगितली. लपणं गुन्हा नाही, बाळा. विचारलं तर हो म्हण, एवढंच.

तरुणपणी मी राजेंद्रनगरात खोली बघायला गेलो. आडनाव ऐकून घरमालक म्हणाले, "म्हणजे आपल्यातलेच ना?" मी मान हलवली. तीन वर्षं तिथे राहिलो. आईने दिलेला लाकडी क्रूस ट्रंकेत, स्वेटरच्या घडीत. नाताळला आई येणार होती, तिला मीच येऊ नकोस म्हणून कळवलं. नोकरी नवी होती, बहिणीचं शिक्षण माझ्यावर होतं, दुसरी खोली परवडत नव्हती. सगळं खरं. तरी मान हललीच.

इ.स. २५० मध्ये रोमच्या डेशियस बादशहाने देवतांना बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे ते दाखले सापडलेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी न देता नुसता दाखला विकत घेतला. माझी मान म्हणजे तसलाच दाखला! पण कार्थेजच्या बिशप सिप्रियनने अशा श्रद्धेत पडलेल्यांना पश्चात्तापाची वाट उघडी ठेवली. तोही त्या वर्षी लपला होता. २५८ मध्ये तलवारीपुढे उभा राहिला.

आपल्या सिस्टर राणी मारिया, एक नन, मध्य प्रदेशातल्या उदयनगरला आदिवासींना सावकारापासून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या, मरायला नव्हे. बसमध्येच त्यांना भोसकलं. पुढे सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मरण कसं येईल याचा घोळ तू घालूच नकोस. तुझ्यापुढे एक साधा प्रश्न आला होता. विचारलं तर हो म्हण!

सोमवारी डबा खाताना त्या माणसाशेजारी बस. त्याने पुन्हा नाही विचारलं तरी सांग, त्याचं उत्तर तुझ्याकडे राहिलंय.

आणि नाताळला आईला खोलीवर बोलाव.

तुझा,
काका