कंपनी काढायच्या आधी महिनाभर मेसवर बसा

तुम्ही चौघं थर्ड इयर कॉम्प्युटरचे, मेसची मेंबरशिप आणि हिशोब मोबाईलवर आणणारं ॲप करताय, कॉलेजच्या स्पर्धेत पहिला नंबर आलाय आणि आता विचारताय की प्रायव्हेट लिमिटेड आत्ताच काढावी का, फंडिंग कुठून मिळेल आणि प्लेसमेंटला बसावं की नको. आम्ही तिघांनी पण कॉलेजात असतानाच सुरुवात केली होती, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर, आणि आम्ही दोघं अजून तेच करतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी मेसचंच बोलू. तुम्ही फीचर्सची एवढी यादी दिलीय, रेटिंग आहे, मेन्यू सुचवणारं एआय आहे, ऑनलाईन पेमेंट आहे, पण त्यात "खाडा" हा शब्द एकदाही आला नाही. ज्यानं मेसवर वर्षभर जेवण केलंय त्याला माहितीय की सगळी भांडणं खाड्यावरनं होतात, मी चार दिवस गावी होतो, तुम्ही दोनच खाडे धरले. आणि मेस चालवणाऱ्या काकूंची बाजू बघा, त्यांना दुपारी चारला कळायला पाहिजे की रात्री किती जण येणार, कारण कणीक तेव्हा मळायची असते. साठ जणांचं केलं आणि चाळीसच आले तर तो तोटा त्यांच्या खिशातून जातो. माझ्या मते तुमचा धंदा, असला तर, इथं आहे. पण हे मी लांबून बोलतोय, तुम्ही जाऊन बघा.

आम्ही हीच चूक केली होती. आठ महिने रूमवर बसून सॉफ्टवेअर लिहिलं, सभासदाचं नाव यादीतून निवडायचं, फोटो पण दिसायचा. मग एका गावच्या दूध संस्थेत सकाळी सहाला लावलं. बाहेर किटल्या घेऊन लाईन लागलेली, सेक्रेटरीचे हात ओले, मधेच लाईट गेली, आणि त्या माणसाला दोनशे सभासद नावाने नाही तर नंबराने पाठ होते. तो स्क्रीनकडे बघतच नव्हता, नंबर दाबायचा, लिटर दाबायचा, पुढचा. आमच्या यादीतून नाव शोधेपर्यंत लाईन रस्त्यावर गेली आणि त्यानं शांतपणे वही काढली. आम्ही तिथं बारा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बसलो, म्हणजे दहा दिवसांचं एक बिल पूर्ण होईपर्यंत, आणि सगळं परत लिहिलं. फक्त आकडे, फॅट थेट मशीनवरनं, आणि पावती. ते त्यानं विकत घेतलं, सहा हजार रुपयांना. त्याच्या आधीच्या आठ महिन्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

क्विक हील या पुण्याच्या अँटीव्हायरस कंपनीचं उदाहरण मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले आणि त्यात व्हायरस सापडायचे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं ते व्हायरस काढायची टूल्स लिहिली. म्हणजे गिऱ्हाईक आधीच समोर उभं होतं, अडचण घेऊन. १९९५ च्या आसपास त्याचं प्रॉडक्ट झालं आणि बाहेरची मोठी गुंतवणूक, सिकोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी, आली २०१० मध्ये. मध्ये पंधरा वर्षं. २०१६ ला शेअर बाजारात आले. तुमच्या फंडिंगच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे, तीन मेसवाले दर महिन्याला पैसे द्यायला लागले की मग विचारा.

म्हणून आता ॲप बाजूला ठेवा, एक मेस धरा, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दुपारी तीनला पोल टाका, रात्री कोण येणार, आणि खरे किती आले ते वहीत लिहा. महिनाभर. किती पोळ्या उरल्या ते पण लिहा. आणि शेवटी काकूंकडे पैसे मागा, तीनशे का होईना. फुकट वापरणारा माणूस "छान आहे" म्हणतो, त्यावरून काहीच कळत नाही.

आता कंपनी. आत्ता काढू नका. प्रायव्हेट लिमिटेड काढणं आज सोपं आहे, दोन डायरेक्टर पाहिजेत, किमान भांडवलाची अट २०१५ ला गेली, फॉर्म ऑनलाईन आहे. पण काढल्यावर एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न भरावंच लागतं, आणि उशीर झाला तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड. परीक्षेच्या गडबडीत सहा महिने विसरलात तर हिशोब करा. शिवाय स्टार्टअप इंडिया या सरकारी योजनेचं घड्याळ कंपनीच्या तारखेपासून चालू होतं. २०२१ च्या सीड फंड योजनेत अटच होती की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि माझ्या ओळखीची दोन पोरं कॉलेजातच कंपनी काढून नुसती बसली आणि त्यात बाद झाली. सुरुवातीला एकाच्या नावावर प्रोप्रायटरशिप, करंट अकाउंट, बास. सेवा विकत असाल तर २० लाखांपर्यंत जीएसटी नाही. फक्त एक सांभाळा, पोरांचे जेवणाचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवू नका, ते थेट मेसच्या क्यूआरवर जाऊ देत. तुमच्या ॲपमधून जेवणाचे पैसे गेले की तुम्ही ई-कॉमर्सवाले ठरता, मग २० लाखांची सूट लागू होत नाही. हे सीएला एकदा नीट विचारून घ्या.

पण कागद मात्र आजच करा, चौघांमधला. पंचवीस-पंचवीस टक्के तोंडी ठरवून मोकळे झालात असं लिहिलंय, ते मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं. आमचा तिसरा मित्र पाचव्या महिन्यात बेंगळुरूला नोकरीला गेला, भांडण नव्हतं काही, घरची परिस्थिती होती, पण तेहतीस टक्के त्याच्याकडेच राहिले आणि पुढे प्रत्येक सहीसाठी त्याला फोन. लिहून ठेवा की हिस्सा चार वर्षांत हळूहळू मिळणार आणि पहिल्या वर्षाच्या आत गेला तर काही नाही. आणि कोड कोणाचा ते पण लिहा. कॉपीराइट कायद्यानं, नोकरीत नसलेल्या माणसानं लिहिलेला कोड त्याचाच राहतो, लेखी हस्तांतर केल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही, आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. लोगो काढून देणाऱ्या मैत्रिणीचं पण तेच. कॉलेजच्या लॅबमध्ये केलं असेल तर कॉलेजचे नियम मागून घ्या आणि वाचा.

उधारीवर एक सांगतो कारण आमची कंपनी त्यात जवळजवळ बुडाली होती. एका मोठ्या संस्थेनं आमचं बिल चौदा महिने थांबवलं, काम उत्तम झालं म्हणून पत्र दिलं पण चेक नाही, आणि मी घरी पगाराचं खोटं बोलत होतो. तेव्हा माहिती नव्हतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, प्रोप्रायटरशिपवरही होते, पहिल्याच दिवशी करा. मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत गिऱ्हाईकानं पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. २०२३ च्या बजेटपासून तर वेळेत दिलं नाही तर बिल थकवणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये धरताच येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंटंटच मार्चमध्ये तुम्हाला फोन करतो. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

प्लेसमेंटला बसा, चौघंही. ऑफर हातात असली म्हणजे जायलाच पाहिजे असं नाही, आणि घरी आई-बाबांना रात्री झोप लागते. फक्त सही करायच्या आधी ऑफर लेटरमधलं ते कलम शोधा ज्यात तुम्ही लिहिलेलं सगळं कंपनीचं असं म्हणतात, आणि मेसचं काम आधीपासूनचं आहे हे मेलवर लिहून कळवा. त्या मेलला जोडायला काय असेल तर ती वही आणि तारखेसकट सगळा कोड, म्हणून पहिल्या दिवसापासून तारखा टाका.